फरक शून्य

१

लग्न होऊन आलेल्या मुलीला सासरचे आधी आवाज कळतात, माणसं मागाहून. सिडकोतल्या त्या बैठ्या घरात मनस्विनीला सगळ्यात आधी कळला तो फडक्याचा आवाज. सकाळी ती ओट्यापाशी कणीक मळत असायची आणि बाहेर पोर्चमध्ये सासरे, लक्ष्मणराव, आपली जुनी फियाट पुसत असायचे. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही आलं तर. त्यामुळं गाडी धुणं हा प्रकारच नव्हता, नुसतं ओलं फडकं. आधी टप, मग बॉनेट, मग उजवी बाजू. सपसप, सपसप. डाव्या बाजूच्या मागच्या दाराशी आले की आवाज मंदावायचा. फडकं जपून चालायचं, वळसा घ्यायचं, आणि मग पुन्हा सपसप सुरू.

खिडकीतून तिनं एकदोनदा पाहिलंही होतं. दार चांगलं सपाट होतं. सासऱ्यांचा हात मात्र दारापासून वीतभर अलीकडं, हवेत, काहीतरी गोलसर पुसल्यासारखा फिरत होता. खांदा धरत असेल या वयात, असं म्हणून तिनं पोळी उलटली.

गाडीशी तिचं तसं देणंघेणं नव्हतं. होतं ते गाडीखालच्या जागेशी. घरात एक हॉल, एक खोली आणि स्वयंपाकघर. खोली सासऱ्यांची. हॉलमध्ये दिवाण, आणि दिवाणावर नवं जोडपं. मध्ये दार नाही, पडदा. पडद्यापलीकडं सासरे खोकले की तिचा नवरा, अमेय, श्वाससुद्धा रोखून धरायचा. जणू परीक्षेत कॉपी करताना पर्यवेक्षक आले. वैशाखात लग्न झालं, भाद्रपद उजाडला, आणि तिला सलग झोप म्हणून लागली नव्हती. शेवटी एकदाचं ठरलं, की गाडी विकायची, पोर्चला भिंती घालायच्या आणि तिथं दोघांची खोली करायची. दार असलेली. दाराला आतून कडी असलेली.

त्या कडीचा विचार करत ती रोज कामावर जायला शेंद्र्याची बस पकडायची.

२

गिऱ्हाईक मिळालं जालन्याचं. अभयराव म्हणून जुन्या गाड्यांचे शौकीन होते. गाडी आवडली, पण अट घातली. सगळी नव्यानं रंगवलेली नको, मूळ रंगच हवा. डाव्या बाजूला ओरखडे आहेत तेवढे ओळखू येणार नाहीत असे भरून द्या. पितृपक्षात वाहन घ्यायचं नाही, घटस्थापनेला सकाळी येतो.

"आपल्या घरातच एक्स्पर्ट आहे की," अमेय म्हणाला.

मनस्विनी शेंद्र्याच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत होती. लॅबमध्ये रंग जुळवणं हेच तिचं काम. त्यामुळं शर्टाचं बटण लावायला द्यावं तितक्या सहज हे काम तिच्याकडं आलं. आतून कडी, ती मनात म्हणाली.

तो रंग बनणं कधीच बंद झालं होतं. शहागंजातल्या दुकानदारानं हात झटकले. "भाभी, ये शेड तो कंपनीने कबका बंद करी. नक्को ढूंढो, मिलताच नै. वैसे कलर कौनसा था?"



सासरे म्हणायचे मोतिया. अमेय म्हणायचा पिस्ता. शेजारच्या सरूबाई म्हणायच्या, "राखी हाय की वो ती, चुलीतल्या ताज्या राखंवानी." आणि ती स्वतः, जिची भाकरी रंग ओळखण्यावर चालते, तिच्याकडं शब्दच नव्हता. रोज तर बघत होती. डोळ्यासमोर गाडी आणायची म्हटली की आकार यायचा, चाकं यायची, मधली जागा रिकामी राहायची.

माणसामाणसाचे डोळे वेगळे, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि रिक्षा केली.

३

रंग जुळवणाऱ्यांचे नेम सोवळ्याहून कडक असतात. मूळ रंगाचा तुकडा डावीकडं, आपला नमुना उजवीकडं. एक नजर टाकायची आणि लगेच समोरच्या करड्या भिंतीकडं बघायचं. टक लावून बघितलं की डोळा हार मानतो, त्याला सगळंच सारखं दिसायला लागतं. अंगात करडा अॅप्रन, कारण कपड्याचा रंग नमुन्यावर पडतो. मूळ तुकड्याला उघडं बोट लावायचं नाही. आणि हातात बांगड्या नाहीत. म्हणून मनस्विनीचा हिरवा चुडा, जो तिनं हुशारीनं मापाहून मोठा भरून घेतला होता, रोज जाताना बसमध्ये उतरायचा आणि येताना चिकलठाणा मागं पडलं की पुन्हा चढायचा. घरी कुणाला याचा पत्ता नव्हता.

ऊन न लागलेला मूळ रंग दाराच्या रबराखाली सापडतो. डाव्या बाजूच्या मागच्या दाराचं रबर उचलून तिनं चिमट्यानं नखाएवढा पापुद्रा काढला आणि रविवारी पोर्चमध्येच पहिला नमुना कालवायला बसली. चुडा काढून ठेवणार तोच सासरे दारात आले.

"सूनबाई, पक्ष चालू आहे. हात असे ओकेबोके ठेवू नयेत."

मग बांगड्यांसकट कालवला. हिरव्या काचेची झाक रंगात उतरणार हे तिला कळत होतं. पट्टीवर रंगाचा हात मारला, वाळू दिला. नमुना चक्क हिरवट झाला होता. तरी रीत म्हणून तिनं पापुद्रा शेजारी धरला.

जुळला.

बांगड्यांचाच प्रताप, ती म्हणाली. दोन्हींवर झाक पडली असणार.

सोमवारी लॅबमध्ये, मोकळ्या हातांनी, दुजोरा म्हणून तिनं दुसरा नमुना केला. सासऱ्यांच्या शब्दाप्रमाणं मोतिया. पापुद्रा शेजारी ठेवला. तोही जुळला. मग तिनं रंग मोजायच्या यंत्राखाली सगळं घातलं. हे यंत्र फार किरकिरं. एकाच डब्यातून काढलेल्या दोन पट्ट्यांतही ते काहीतरी फरक काढून दाखवतं. शून्य म्हणून कधी येत नाही.

पापुद्रा आणि हिरवट पट्टी, फरक शून्य. पापुद्रा आणि मोतिया पट्टी, फरक शून्य.

शेजारच्या टेबलावरची सुरेखा मान लांब करून बघत होती. "मशिन गंडलंय. नायतर तुझ्या सासऱ्यांची गाडी लई गुणाची हाय बघ. कशातबी मिसळती."

मनस्विनीनं दोन पट्ट्या एकमेकींशेजारी ठेवल्या. यंत्रानं भलामोठा फरक दाखवला. यंत्र ठीक होतं. आंधळ्यानंसुद्धा सांगितलं असतं की या दोन पट्ट्या एक नाहीत. पण तो पापुद्रा हिचाही होता आणि तिचाही.

तिनं करड्या भिंतीकडं बघितलं. बराच वेळ.

४

"बाबा, नवी होती तेव्हाचा फोटो आहे का गाडीचा?"

संध्याकाळी चहा देताना तिनं विचारलं. सासऱ्यांचा चेहरा उजळला. आतून अल्बम आला, चष्मा आला. पानं उलटत त्यांनी एका फोटोवर बोट ठेवलं. हाच पोर्च, हीच गाडी, डावी बाजू पुढं.

"हा बघ रंग. आणि ही तुझी सासू."

फोटोत गाडी होती. मागं जाळी, वर मधुमालतीचा वेल. माणूस नव्हतं.

"कुठं, बाबा?"

"ही काय. दाराला टेकून उभी आहे की. पद्मजाला फोटोत हसायचं माहीत नव्हतं, म्हणून तोंड मिटलंय." त्यांचं बोट मागच्या दारावर, रिकाम्या पत्र्यावर टेकलं होतं.

फोटो जुना आहे, उडाला असेल. सासऱ्यांना मोतीबिंदू आहे. अशी दोन कारणं तिनं लगोलग शोधली. दोन्ही चांगली होती. तरी मान वर करताना तिच्या लक्षात आलं, की या घरात सासूबाईंचा हार घातलेला फोटो कुठंच नाही. पक्षात सासऱ्यांनी आपल्या आईवडिलांचं पान ठेवलं होतं, बायकोचं नाही. तिला वाटलं होतं, राहून गेलं.

हॉलमधला लाइट घालवल्यावर तिनं अमेयला कुजबुजत विचारलं, "आई कशा गेल्या रे?"

तो म्हणाला, "तिसरीत होतो मी. शाळेतून आलो तर घरात नव्हती. बाबांना विचारलं. ते म्हणाले, आहे की, इथंच आहे. मामा आले, पोलीस आले, बाबांचं एकच, इथंच आहे. मग लोकांनी विचारायचं सोडलं." कूस बदलून तो म्हणाला, "कंटाळली असेल गं. सगळ्यांचं करून करून."

पडद्यापलीकडं सासरे खोकले आणि विषय मिटला.

५

दुसऱ्या दिवशी ती बसमध्ये उभ्यानंच झोपली. घरी आल्यावर भाजी चिरताना पर्समधून पापुद्र्याची पुडी काढली, म्हटलं एकदा नीट बघू. पापुद्रा ओट्यावर टाकला. ओटा काळ्या कडाप्प्याचा. पापुद्रा पडलेला तिनं पाहिला आणि मग तो दिसेना.

वाकून बघितलं. टॉर्च मारला. मग ओट्यावरून बोट फिरवलं आणि बोटाला कडा लागली. पातळ, नखाएवढी. तो तिथंच होता. काळा.

तिनं तो सुरीच्या टोकानं उचलून स्टीलच्या ताटात ठेवला. ताट रिकामं दिसलं. बोट फिरवलं. कडा होती.

इथं थांबायला हवं होतं, हे कोणत्याही शहाण्या माणसाला कळेल. पण सकाळी लवकर उठून रात्री उशिरापर्यंत उभं राहणाऱ्या माणसाचं शहाणपण संध्याकाळपर्यंत संपलेलं असतं. तिच्या मनात आलं ते एवढंच, की माणसाच्या कातडीला एक रंग थोडाच असतो. शिरा निळ्या, तीळ काळा, कढईनं पोळलेला डाग तांबूस. तिथं याची पंचाईत होईल. आणि लॅबमध्ये जे तिनं कधी केलं नसतं ते तिनं केलं. चुडा वर सारून पापुद्रा उघड्या मनगटावर, आतल्या बाजूला ठेवला.

मनगट जसंच्या तसं दिसत होतं. निळी शीरसुद्धा कुठं तुटली नव्हती.

बोटानं चाचपलं. कडा लागली.

"सूनबाई, गोळी राहिली वाटतं माझी," आतून आवाज आला.

ती गोळी आणि पाणी देऊन आली. परत बोट फिरवलं. कडा नव्हती. फरशी बघितली, पायपुसणं झटकलं, सासऱ्यांच्या पलंगाखाली वाकली. साबणानं मनगट चोळचोळ चोळलं. कुठंच काही नव्हतं. भाजी मात्र करपली.

६

त्यानंतरच्या गोष्टी एकेकट्या घेतल्या तर काहीच नव्हत्या.

बस तिच्यासमोरून पुढं निघून गेली. हात केला तरी. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, दिसलाच नाहीत वो." लॅबमध्ये ती टेबलाशी बसलेली असताना सुरेखानं लाइट घालवला आणि बाहेरून दार ओढून घेतलं, मग हाका ऐकून परत आली ती छातीवर हात ठेवूनच. "बाई! कवा आलीस? हा करडा अॅप्रन न् ही करडी भिंत, कुणाला कळायचं?" ते पटण्यासारखं होतं. घरी अमेय दिवाणावर बसायला आला आणि तिच्या मांडीवरच बसला.

"अरे!"

"सॉरी सॉरी. काय गं, बोलत जा ना काहीतरी. इतकी गप्प असतेस."

"अमेय, मी दिसते ना तुला?"

"काय विचारतेस," तो मोबाइलमधून डोळे न काढता म्हणाला. "दिसतेस की."

अशक्तपणा असेल, एकदा रक्त तपासून घेऊ, असं तिनं ठरवलं. आधी ओरखडे.

सर्वपित्रीच्या दुपारी ती ब्रश घेऊन पोर्चमध्ये बसली. कोणता रंग वापरायचा हा प्रश्नच उरला नव्हता. हाताला आला तो डबा उघडला. ओरखड्यावर रंगाचा थेंब ठेवला की ओरखडा आणि थेंब दोन्ही नाहीसे व्हायचे. आयुष्यात इतकं बिनचूक काम तिनं केलं नव्हतं आणि त्याचा आनंद म्हणून होत नव्हता. सरकत सरकत ती मागच्या दाराशी आली. हात हलला की चुडा किणकिणत होता. ती दमून थांबली, हात मांडीवर ठेवला.

किणकिण थांबली नाही.

अगदी समोरून येत होती, तिच्या कपाळाच्या जरा वर. बारीक, जुन्या काचेची. जसं कुणी बराच वेळ एका पायावर उभं राहून आता दुसऱ्यावर भार घेतला.

सरूबाईंकडं भांडी घासत असतील. मनस्विनी कान देऊन ऐकत राहिली. सरूबाईंकडं दुपारची सामसूम होती. दाराचा पत्रा तिच्यासमोर स्वच्छ, सपाट होता, आणि त्यात कुणाचंच प्रतिबिंब नव्हतं. तिचंही.

तिनं डब्याचं झाकण लावलं, गुडघ्यांवर हात ठेवून उठली आणि आत जाऊन रात्रीचा कुकर लावला. दुसरं काय करणार होती?

७

घटस्थापनेला अभयराव वेळेवर आले. येताना झेंडूचा हार आणि पेढे. गाडीभोवती त्यांनी फेऱ्या मारल्या, वाकले, पत्र्यावर तिरपी नजर टाकली.

"कुठं होते ओरखडे? मला तर आठवूनही सापडेनात. कुणी केलं काम?"

"मिसेसनं," अमेय छाती काढून म्हणाला, आणि लगेच त्यांना खोलीचा बेत सांगायला लागला. भिंत इथून येणार, खिडकी रस्त्याकडं, दार इकडं. मनस्विनी जोत्यावर उभी राहून ऐकत होती. दार म्हटल्यावर तिला त्याची आतली कडी दिसली. झालं एकदाचं. आज रात्री नाही, पण दिवाळीपर्यंत.

"काका, जायच्या आधी घरच्यांचा एक फोटो होऊ द्या गाडीबरोबर," अभयराव म्हणाले. "मी प्रत्येक गाडीचा ठेवतो. वहिनींना बोलवा."

ती खाली उतरली. बॉनेटजवळ सासरे, त्यांच्याशेजारी अमेय. उरली ती मागच्या दाराजवळची जागा. ती तिथं जाऊन उभी राहिली. दमलेलं माणूस टेकायला जागा शोधतंच. तिनं मागं हात नेऊन दारावर ठेवला.

दार कोमट होतं. उन्हातल्या पत्र्यासारखं नव्हे.

अभयरावांनी मोबाइल वर केला, खाली घेतला. "वहिनी येतायत ना?"

"मी उभी आहे," मनस्विनी म्हणाली.

अमेयनं घराकडं मान वळवली. "आली बघा, ओ दिली आतून. मनू, लवकर ये गं! यांना उशीर होतोय."

"अमेय, इथं. तुझ्या मागं."

तो वळला. त्याची नजर तिच्यावरून गेली, अगदी सरळ, कुठं न अडखळता, जशी पत्र्यावरून जाते. मग तो जोत्यावर चढून आत गेला. आतून त्याच्या हाका ऐकू येत राहिल्या. स्वयंपाकघरात, खोलीत, मोरीपाशी.

तिला हात ओढून घ्यायचा होता. पण त्याआधी हात कुठं संपतो आणि दार कुठं सुरू होतं ते शोधायला हवं होतं. तिनं खाली बघितलं. कडा दिसेना. दुसऱ्या हाताचं बोट फिरवावं म्हणून तिनं तो उचलला, तर त्या हातावर कुणीतरी आपला हात ठेवला. हलकेच, घरातल्या मोठ्या बाईनं ठेवावा तसा. काच किणकिणली. तिची नव्हती.

सासरे तिच्याकडंच बघत होते. थेट डोळ्यांत. या घरात ती दिसत होती ती फक्त मोतीबिंदू झालेल्या त्या डोळ्यांना.

"आहे की," ते हळूच म्हणाले. "इथंच तर उभी आहे."

अभयराव अवघडून हसले. लक्ष्मणरावांनी गाडीच्या टपावरचा हार काढून त्यांच्या हातात परत दिला. "गाडी नाही द्यायची आता. चहा घेऊन जा."

"अहो काका, पण आपलं ठरलं होतं..."

"मनू!" आतून अमेय ओरडला, आता आवाज जरा चढला होता. "अगं, चहा तरी टाक! कुठं जाऊन बसलीस?"

कितीतरी दिवसांत पहिल्यांदा ती या हाकेला हलली नाही. भीती होती, पुष्कळ होती. पण तिच्या तळाशी एक लाजिरवाणा आराम होता, पाय दुखायचे थांबल्यासारखा, आणि तिला त्याचीच भीती जास्त वाटली.

सासऱ्यांनी बादलीत फडकं बुडवलं आणि पिळलं. टप. बॉनेट. उजवी बाजू. सपसप, सपसप. मागून वळून ते डावीकडं आले. फडकं मंदावलं, वर उचललं गेलं, तिच्या शेजारी हवेतून जपून एक वळसा घेतला.

मग ते थोडं थांबलं, जागेचा अंदाज घेतल्यासारखं, आणि ओलं, गार, तिच्या खांद्यावरून दुसरा वळसा घ्यायला लागलं.